आठ सप्टेंबर आणि गॅल्व्हस्टनचे बेट

आठ सप्टेंबर म्हटला की आपल्या घराघरांत पवित्र मरियामातेच्या जन्मोत्सवाची लगबग सुरू होते. नोव्हेनाचे दिवस संपत आलेले असतात, मुले फुलांच्या परड्या भरतात आणि वांद्र्याच्या डोंगरावरील मोत माउलीच्या जत्रेला कोणी कधी जायचे, याची बोलणी जेवणाच्या पाटावर होतात. पावसाळा सरत आलेला असतो. समुद्रावर नारळ सोडून कोळ्यांच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरलेल्या असतात. एकूण हा आपल्याकडे निर्धास्तपणाचा सण आहे.

याच सणाच्या दिवशी, शनिवार, ८ सप्टेंबर १९०० रोजी, अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावरील एका बेटावर सहा हजारांहून अधिक माणसे एका रात्रीत बुडाली. मृतांचा आकडा सामान्यतः ६,००० ते ८,००० असा सांगितला जातो. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत याहून अधिक माणसे आजवर एका वेळी दगावलेली नाहीत. त्या बेटाचे नाव गॅल्व्हस्टन. आज ते सहलीचे बेट म्हणून प्रसिद्ध आहे. वाळूचा किनारा, मासेमारीचे धक्के, सायकली, छोट्या वल्हवायच्या होड्या आणि आइस्क्रीमची दुकाने अशी त्याची ओळख आहे. मी तेथे गेलो तोही सहलीला म्हणूनच.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब बरीच वर्षे ह्यूस्टन शहरात स्थायिक आहे. घरची बाई रुग्णालयात परिचारिका आहे. मी काही दिवस त्यांच्याकडे उतरलो असता तिने एके सकाळी फर्मावले, "फादर, आज पुस्तके बंद. आज दर्यावर जायचे." तेथून बेट सुमारे पन्नास मैलांवर आहे. मोटारीत धाकटा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. वय वर्षे बारा. मराठी समजते, बोलताना अडखळते. त्याच्या मांडीवर पोहण्याची चड्डी, टॉवेल आणि वाळूत खेळायचे फावडे होते. पुलावरून गाडी बेटावर उतरली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवली ती त्या भूमीची सपाटी. डोंगर नाही, टेकडी नाही, खडकही नाही. समुद्राच्या पातळीपासून हातभर वर अंथरलेली एक लांब चटई असावी, तसे ते बेट दिसते.

अशा बेटाची जडणघडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. आपले साष्टीचे बेट किंवा घारापुरी ही खडकाची बेटे आहेत. गॅल्व्हस्टन हे निव्वळ वाळूचे बेट आहे. लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी हजारो वर्षे वाळू आणून टाकावी, तिचा दांडा पाण्याबाहेर यावा, त्यावर गवत रुजावे आणि वाऱ्याने उडालेली वाळू त्या गवतात अडकून टेकाडे व्हावीत, अशी ही निर्मिती आहे. असा दांडा मुख्य भूमीला समांतर पडतो. मागे उथळ खाजण राहते आणि पुढे खुला समुद्र. वादळाचा पहिला तडाखा हा दांडा स्वतःवर घेतो आणि मागील भूमी वाचते. थोडक्यात, ते मुख्य भूमीचे कुंपण आहे. गॅल्व्हस्टनची लांबी सुमारे २७ मैल आणि रुंदी कोठेही तीन मैलांहून फारशी जास्त नाही. असे बेट स्थिर नसते. एका टोकाला झिजते, दुसऱ्या टोकाला वाढते आणि मोठ्या वादळात समुद्र त्याच्यावरून खाजणात जातो. कुंपणावर घर बांधू नये हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण बंदर सापडले की व्यापाऱ्याला ते आठवत नाही.

आणि गॅल्व्हस्टनला बंदर उत्तम होते. या किनाऱ्यावर आलेल्या पहिल्या युरोपियनांचा अनुभव मात्र भीषण होता. १५२८ च्या नोव्हेंबरात कबेसा दे व्हाका हा स्पॅनिश सरदार फुटक्या तराफ्यांवरून याच बेटावर किंवा त्याच्या अगदी शेजारच्या बेटावर येऊन पडला. तेथील करांकावा लोकांनी त्या उपाशी माणसांना अन्न दिले; तरी थंडीने आणि रोगाने बहुतेक मेले. स्पॅनिशांनी त्या जागेचे नाव ठेवले 'मालादो', म्हणजे दुर्दैवाचे बेट. पुढे १८१७ पासून चार वर्षे झां लाफित या चाच्याचा येथे तळ होता. शहराची रीतसर स्थापना १८३८ ची. १८४७ मध्ये पोपमहोदयांनी संपूर्ण टेक्सासचा धर्मप्रांत निर्माण केला तो गॅल्व्हस्टनच्या नावाने, आणि फ्रेंच मिशनरी झां-मारी ओदें हे त्याचे पहिले बिशप झाले. त्यांनी बांधलेल्या सेंट मेरी कॅथीड्रलसाठी अँटवर्पहून पाच लाख विटा जहाजाने आल्या. १८६५ च्या १९ जून रोजी याच शहरात सेनापती ग्रेंजर यांनी टेक्सासमधील गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. तो दिवस २०२१ पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. १९०० साली शहराची वस्ती ३७,७८९ होती आणि कापसाच्या निर्यातीवर ते गबर झाले होते.

शहराची सर्वांत उंच जागा होती समुद्रसपाटीपासून पावणेनऊ फूट.

धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. त्याच किनाऱ्यावर इंडियनोला नावाचे बंदर होते. १८७५ च्या वादळात ते मोडले, पुन्हा बांधले, आणि १८८६ च्या वादळात कायमचे पुसले गेले. त्यानंतर गॅल्व्हस्टनच्या प्रतिष्ठितांनी समुद्रभिंत बांधण्याचा विचार केला. पण खर्चाचा विषय निघताच तो बारगळला. उलट किनाऱ्यावरील वाळूची टेकाडे खणून ती वाळू गावातील सखल जागा भरण्यासाठी नेण्यात आली. निसर्गाने दिलेले होते तेवढेही कुंपण माणसांनी फावड्याने उचलले. (आपल्या अर्नाळा, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालची वाळू रात्री कोठे जाते, हे वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.) १८९१ मध्ये सरकारी हवामान कचेरीचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून असे वादळ गॅल्व्हस्टनचे मोठे नुकसान करील ही कल्पना भ्रामक ठरविली. ते लबाड नव्हते, अभ्यासू होते. आणि म्हणूनच लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

येथे एक गोष्ट मला धर्मगुरू म्हणून थोडी अधिक विस्ताराने सांगावीशी वाटते. क्यूबाची राजधानी हवाना येथे येशूसंघीयांचे बेलेन महाविद्यालय होते आणि त्याची वेधशाळा होती. फादर बेनितो व्हिन्येस हे १८७० पासून तिचे संचालक होते. ढगांच्या पिंजलेल्या कापसासारख्या रेषा कोणत्या दिशेने फाकतात, वारा कसा फिरतो, वायुभार कसा उतरतो, यांचे रोजचे टिपण ठेवून त्यांनी वादळाचा मार्ग आधी ओळखण्याची पद्धत बसविली आणि १८७५ मध्ये आपले पहिले भाकीत जाहीर केले. कॅरिबियन समुद्रातील खलाशी त्यांना मानत. १८९३ मध्ये ते वारले. त्यांच्यामागून फादर गांगोइते हे काम पाहत होते. १९०० साली क्यूबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता. क्यूबाचे लोक उगाच घाबरवतात, असा वॉशिंग्टनमधील हवामान खात्याचा ग्रह झाला होता. म्हणून त्या मोसमात वादळाविषयीच्या त्यांच्या तारा सरकारी तारखात्यातून पाठविण्यास बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्यूबावरून एक वादळ गेले. अमेरिकन खात्याचा अंदाज होता की ते उत्तरेकडे वळून फ्लॉरिडावरून अटलांटिकात जाईल. हवानाच्या वेधशाळेचे निरीक्षण होते की ते वळणार नाही, आखातात शिरून टेक्सासकडे जाईल आणि जोर धरील. हवानाचे म्हणणे खरे ठरले. पण ते ज्यांना कळायला हवे होते त्यांना कळले नाही.

म्हणून शनिवारी सकाळी, उत्तरेचा वारा वाहत असूनही समुद्र उलट्या दिशेने वर चढतो आहे हे पाहताना लोकांना गंमत वाटली. मुले रस्त्यातील पाण्यात खेळली. किनाऱ्यावरील स्नानगृहे लाटांनी फुटताना पाहायला माणसे ट्रॅममधून आली. दुपारपर्यंत मुख्य भूमीकडे जाणारे पूल गेले आणि मग कोठे जायचे हा प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी सुमारे १५ फुटांची भरती बेटावरून वाहिली. सर्वांत उंच जागा पावणेनऊ फूट, हे वर लिहिलेच आहे. पुढची घरे मोडली, त्यांच्या लाकडांचा ढीग झाला आणि लाटा तो ढीग हातोड्यासारखा मागच्या घरांवर आपटत गेल्या. ३,६०० च्या आसपास घरे नष्ट झाली. क्लाइन यांच्या भक्कम घरात पन्नासच्या आसपास माणसे आश्रयाला आली होती. त्यांतील बहुतेक गेली आणि क्लाइन यांची पत्नीही गेली.

आता सेंट मेरी अनाथाश्रमाविषयी.

१८६६ मध्ये बिशप दुब्वी यांच्या हाकेला ओ देऊन फ्रान्समधील लियों शहरातून तीन धर्मभगिनी गॅल्व्हस्टनला आल्या. त्यांच्या संघाचे नाव 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द इन्कार्नेट वर्ड'. त्यांनी टेक्सासमधील पहिले कॅथलिक रुग्णालय उघडले. पीतज्वराच्या साथींत आईबाप मेलेली मुले रुग्णालयाच्या दारात येऊ लागली, तेव्हा अनाथाश्रम सुरू झाला. पीतज्वर गावात पसरतो, तर मुले गावापासून दूर मोकळ्या हवेत असावीत, या विचाराने १८७४ मध्ये आश्रम शहराच्या पश्चिमेस तीन मैलांवर थेट समुद्रकाठी हलविण्यात आला. दुमजली लाकडी इमारती, समुद्राकडे तोंड केलेले सज्जे आणि पुढे झाऊच्या झुडपांनी धरून ठेवलेली वाळूची टेकाडे. रोगापासून मुलांना वाचविण्यासाठी निवडलेली ती जागा होती. त्या निर्णयात चूक काढणे आज सोपे आहे. पीतज्वर डासाने पसरतो हे सिद्ध झाले ते १९०० सालीच, आणि तेही हवानात.

त्या दिवशी आश्रमात ९३ मुले आणि दहा भगिनी होत्या. त्यांतील सिस्टर एलिझाबेथ रायन सकाळी गाडी घेऊन गावातील रुग्णालयात अन्नसामग्री आणायला गेल्या होत्या. तेथे मदर गॅब्रिएल यांनी त्यांना वादळ शमेपर्यंत थांबण्याचा आग्रह केला. सामान माझ्या गाडीत आहे, मी गेले नाही तर मुलांना रात्रीचे जेवण मिळणार नाही, असे सांगून त्या परत निघाल्या. यात काही वीरवृत्तीचे बोल नाहीत. घरी पोरे उपाशी आहेत म्हणून बाजारातून घाईने निघणाऱ्या कोणत्याही आईचे हे उत्तर आहे. मला या साऱ्या इतिहासात हे एक वाक्य सर्वांत अधिक भिडले.

दुपारी पाणी टेकाडांवर चढले. पिठाचे ढीग विरघळावेत तशी ती टेकाडे वितळत गेली, अशी आठवण पुढे सांगितली गेली. भगिनींनी सर्व मुलांना मुलींच्या वसतिगृहात आणले, कारण ती इमारत नवी व मजबूत होती. आधी तळमजल्यावरील प्रार्थनालयात, मग पाणी आत येताच वरच्या मजल्यावर. मुलांचे भय घालविण्यासाठी त्यांनी मरियामातेला 'लाटांची राणी' म्हणून आळविणारे एक जुने फ्रेंच गीत मुलांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतले. ते मूळचे फ्रेंच कोळ्यांचे, वादळात म्हणायचे गीत. मग आश्रमाच्या एका कामगाराकडून त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी मागविली. प्रत्येक भगिनीने ती आपल्या कमरेला बांधली आणि तिच्यात सहा ते आठ मुले बांधून घेतली. काही मोठी मुले छपरावर चढली. मुलांच्या बाजूची इमारत आधी कोसळली. नंतर मुलींचे वसतिगृह पायातून उचलले गेले, तळ निसटला आणि छप्पर खाली आले.

तीन मुले वाचली. विल्यम मर्नी, फ्रँक मडेरा आणि अल्बर्ट कॅम्पबेल. पाण्यातील एका झाडाला धरून ती एक दिवसाहून अधिक काळ तरंगत राहिली आणि नंतर गावात पोहोचली. आश्रमाचे काय झाले हे रुग्णालयातील भगिनींना त्यांच्याकडून कळले. बाकीची ९० मुले आणि दहाही भगिनी गेल्या. एका भगिनीचे शव खाजणापलीकडे मुख्य भूमीवर सापडले. तिच्या मिठीत दोन लहान मुले होती. ज्या जेथे सापडल्या तेथेच त्यांना पुरण्यात आले, दोरीने बांधलेल्या मुलांसह.

ही कथा मी त्या मुलाला सागरकाठच्या रस्त्यावर, एका स्मृतिफलकापाशी उभे राहून सांगितली. तेथे १९९४ मध्ये आश्रमाच्या जागेजवळ फलक बसविला आहे. शेजारी एक भलेमोठे बाजारदालन आणि त्याचे मोटारतळ आहे; समोर समुद्र. लोक छत्र्या आणि थंड पेयांच्या पेट्या घेऊन पुढून जात होते. मुलाने शांतपणे ऐकले आणि विचारले, "फादर, दोरी बांधली नसती तर त्यांतली थोडी वाचली असती ना?"

त्याची आई गडबडून म्हणाली, "असे विचारू नये रे फादरांना."

पण प्रश्न रास्त होता. दोरीने बांधलेले आठ जीव लाकडांच्या त्या गदारोळात एकत्र बुडण्याचा संभव अधिक, हे शाळकरी मुलालाही कळते. सेमिनरीत शिकलेली उत्तरे माझ्यापाशी होती. त्यांपैकी एकही मी दिले नाही. मी एवढेच म्हणालो, "कदाचित वाचली असती." मग त्याला सांगितले की, काळोखात, छातीभर पाण्यात, पाच वर्षांचे पोर हात सुटला म्हणून किंचाळत असताना त्या बायकांपुढे हिशेब मांडण्याची वेळ नव्हती. त्यांनी मुलांना वाचविण्यासाठी दोरी बांधली की एकटे मरू न देण्यासाठी बांधली, हे कोणीही सांगू शकणार नाही. बहुधा त्यांनाही हे वेगवेगळे करता आले नसते. मुलाचे समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. माझे झालेले नाही. प्रवचनांतून ही कथा जेव्हा केवळ त्यागाचा सुंदर दाखला म्हणून सांगितली जाते, तेव्हा त्या दोरीवरून आपण फार लवकर पुढे जातो, असे मला तेव्हापासून वाटते.

गावात त्या रात्री कॅथीड्रलमध्येही भगदाडे पडत होती. बिशप गॅलाघर यांनी फादर जेम्स कर्विन यांना, येथे असलेल्या धर्मगुरूंना मृत्यूसाठी तयार करा, असे सांगितल्याचे म्हणतात. कॅथीड्रल टिकले. त्याच्या मनोऱ्यावर १८७८ मध्ये बसविलेली 'सागरतारा' मरियेची मूर्तीही टिकली, आणि ती उभी आहे तोवर गाव उभे राहील अशी श्रद्धा लोकांत रुजली. उर्सुलाइन भगिनींच्या मठात सुमारे हजार माणसांनी आश्रय घेतला, गोरे आणि काळे दोन्ही; त्या रात्री तेथे बाळंतपणेही झाली. सेक्रेड हार्ट चर्च मात्र जमीनदोस्त झाले.

यापुढचा भाग सहलीच्या पुस्तिकांत सहसा नसतो. उष्म्यात शवे कुजू लागली. पुरायला माणसे आणि कोरडी जमीन दोन्ही नव्हती. सोमवारी शेकडो शवे बोटीत भरून, वजने बांधून समुद्रात सोडली. भरतीने ती किनाऱ्यावर परत आणली. मग जेथे सापडेल तेथे लाकडांच्या ढिगांवर दहन करण्यात आले आणि त्या चिता अनेक आठवडे जळत होत्या. हे काम करण्यासाठी, विशेषतः काळ्या माणसांना, बंदुकीच्या धाकाने जुंपण्यात आले आणि त्यांना शुद्ध राहू नये म्हणून दारू पाजण्यात आली. फादर कर्विन मदत समितीचे सभासद होते, लष्करी कायदा जारी करण्यात त्यांचाही हात होता. त्यांनी रात्रंदिवस राबून गाव सावरण्यास मदत केली, हेही खरे. मी हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. परंतु आपण भगिनींची दोरी आठवायची आणि त्या बंदुका विसरायच्या, हा इतिहास नव्हे.

गावाने बेट सोडले नाही. तीन अभियंत्यांची समिती नेमली गेली. तिचे प्रमुख हेन्री रॉबर्ट हे निवृत्त लष्करी अधिकारी. सभा कशी चालवावी याचे नियम लिहिणारे ते हेच. (आमच्या पॅरिश कौन्सिलच्या काही सभा पाहता त्यांनी समुद्राआधी सभासदांना आवरण्याचा प्रयत्न केला, हे योग्यच होते.) समितीने दोन गोष्टी सुचविल्या. एक, १७ फूट उंचीची काँक्रीटची समुद्रभिंत. तिचा तीन मैलांहून अधिक लांबीचा पहिला भाग १९०४ च्या जुलैत पुरा झाला. आज ती दहा मैलांहून लांब आहे. दुसरी गोष्ट अधिक धाडसाची होती: अख्खे शहरच वर उचलायचे.

कसे उचलले, ते ऐकण्यासारखे आहे. गावातून एक रुंद कालवा खणला. गाळ उपसणारी जहाजे त्यातून आत आली आणि नळांतून वाळूमिश्रित पाणी घरांखाली सोडू लागली. पाणी वाहून जाई, वाळू राही. त्याआधी प्रत्येक घर जॅकवर चढवून खांबांवर तोलून धरायचे. भरावाचा खर्च सरकारी. घर उचलण्याचा खर्च मालकाचा. दोन हजारांहून अधिक इमारती, नळ, ट्रॅमचे रूळ, कुंपणे, सारे वर गेले. कित्येक वर्षे लोक जमिनीपासून उंच बांधलेल्या फळ्यांवरून चालत होते. मुले त्यांवरून शाळेत जात, बायका बाजारात. खाऱ्या वाळूने गावातील झाडे आणि बागा मेल्या. सेंट पॅट्रिक चर्च ही ३,००० टन वजनाची इमारत ७०० जॅक लावून पाच फूट उचलण्यात आली, आणि हे चालू असताना तेथील मिस्सा बंद पडल्या नाहीत. माझ्या चर्चच्या छपराची कौले बदलताना मी दोन रविवार मंडपात मिस्सा केली आणि त्याचे किती कौतुक करवून घेतले, ते मला तेथे आठवले. भरावाचे काम १९११ पर्यंत चालले. सुमारे पाचशे चौक उंचावले गेले.

१९१५ मध्ये तेवढ्याच ताकदीचे वादळ आले. भिंतीच्या आत मरण पावलेल्यांची संख्या अत्यल्प होती. भिंत सिद्ध झाली. पण बंदराचा व्यापार हातचा गेला तो गेलाच. १९०१ च्या जानेवारीत मुख्य भूमीवर स्पिंडलटॉपला तेलाचा झरा फुटला, १९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत खोल कालवा झाला आणि मोठी जहाजे आत जाऊ लागली. कापसाचे शहर मग सहलीचे शहर झाले. १९११ मध्ये समुद्रभिंतीसमोर गॅल्व्हेझ हॉटेल उघडले. पुढे जुगाराचे अड्डे आले, ते १९५७ च्या सुमारास पोलिसांनी बंद पाडले. १९७५ मध्ये बेटाच्या पश्चिमेस सुमारे दोन हजार एकरांचे राज्य उद्यान लोकांसाठी खुले झाले.

ते उद्यान मला किनाऱ्याहून अधिक आवडले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मध्ये गवताळ माळ. खाजणाच्या उथळ पाण्यात माणसे छोट्या होड्या वल्हवीत होती, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गळ टाकीत होती. बगळे, पाणकावळे, तपकिरी पेलिकन पक्षी. येथे वाळूच्या टेकाडांवर चढण्यास मनाई आहे. लाकडी पुलावरूनच पलीकडे जायचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या वाळूच्या गाड्या भरून नेल्या, त्या वाळूच्या एका गवतकाडीलाही आता हात लावू देत नाहीत. मुलगा पाण्यात उतरला आणि तक्रार करू लागला की पाणी चित्रातल्यासारखे निळे नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने ते तपकिरी दिसते, अगदी आपल्या वसईच्या समुद्रासारखे. त्याची आई म्हणाली, "म्हणूनच तर मी येथे येते."

भिंतीने माणसे वाचविली, पण किनारा खाल्ला. काँक्रीटवर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेते. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा घातला की त्याच्या टोकाशी जे होते, तेच तेथेही झाले. आज भिंतीसमोर दिसणारी बरीचशी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे, आणि ती पुन्हापुन्हा टाकावी लागते. १३ सप्टेंबर २००८ रोजी आइक नावाचे वादळ आले. भिंत समुद्राकडे तोंड करून उभी होती. पाणी मागून, खाजणाच्या बाजूने आले आणि गाव भरले. सेंट मेरी कॅथीड्रलमध्येही पाणी शिरले. ते पुन्हा उघडले २०१४ च्या पुनरुत्थान सणाला. खाऱ्या पाण्याने मेलेले जुने ओक लोकांनी तोडून न टाकता कोरून घेतले. अंगणाअंगणांत त्या खोडांतून पक्षी, मासे, देवदूत निघालेले दिसतात. खाजणाच्या मुखाशी प्रचंड दरवाजे बांधण्याच्या योजनेला अमेरिकन संसदेने २०२२ मध्ये संमती दिली आहे. बेटाची वस्ती आज सुमारे ५३,००० आहे.

संघातील भगिनी जगात जेथे कोठे असतील तेथे दर वर्षी ८ सप्टेंबरला ते 'लाटांच्या राणी'चे गीत गातात. अनाथाश्रम वादळानंतर वर्षभरातच, १९०१ मध्ये, गावात पुन्हा उघडला होता.

परतताना आम्ही कॅथीड्रलपाशी थांबलो. ऊन कलले होते. मनोऱ्यावरील मूर्ती खालून लहान दिसते. पाठीमागे बंदर, जहाजांच्या क्रेन. दार बंद होते. मुलगा पायरीवर बसून बुटांतली वाळू काढीत होता. बरीच निघाली. तिचा छोटा ढीग त्याने पायरीवर केला, थोडा वेळ पाहिला, मग हाताने गोळा करून पिशवीत टाकला. आईने विचारले, कशाला रे. तो म्हणाला, येथे ठेवली तर झाडणारे टाकून देतील. पुढच्या वेळी येऊ तेव्हा किनाऱ्यावर परत टाकू.